शिडाच्या नौकेची बेगमी : हत्यारे आणि सुटे भाग

किनारा दृष्टीआड झाल्यावर ज्या नौकेला गोदी, लोहार वा दुकान यांपैकी कशाचाही आधार उरत नाही, तिच्यावर कोणती हत्यारे आणि कोणते सुटे भाग बाळगावेत, हा प्रश्न शिडाच्या नौकानयनाइतकाच जुना आहे. आणि त्यावर विपुल लेखन झाले असले तरी एकमत मात्र अद्याप झालेले नाही. नौकानयनाच्या अनेक पुस्तकांच्या शेवटी हत्यारांची एक लांबलचक यादी जोडलेली असते, नवा नौकामालक ती खिशात घालून बाजारात जातो, यादीबरहुकूम खरेदी करतो आणि आपली बेगमी झाली अशा समाधानात घरी परततो. परंतु ज्याने ती यादी केली त्याची नौका निराळी, तिचे इंजिन निराळे, तिचा मुलूख आणि हवामानही निराळे. त्यामुळे उसन्या यादीवर विसंबून निघालेल्या गृहस्थाजवळ ऐन प्रसंगी पाने असतात ते इंचांच्या मापाचे आणि बोल्ट निघतात ते मिलिमीटरचे. यादीपेक्षा यादी कशी करावी हा विचार महत्त्वाचा आहे, आणि त्याच दृष्टीने या प्रश्नाची निरनिराळी अंगे येथे क्रमाने पाहावयाची आहेत.

प्रथम अधिकृत म्हणता येईल असा आधार पाहू. ‘वर्ल्ड सेलिंग’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने खुल्या समुद्रातील शर्यतींसाठी जी नियमावली केली आहे, तीत प्रवासाची मुदत आणि स्वरूप यांना साजतील अशी हत्यारे व सुटे भाग नौकेवर असावेत असा दंडक आहे. मोडलेली डोलकाठी नौकेला झोडपू लागली तर तिचे पोलादी तणावे तत्काळ तोडता येतील असे साधन सक्तीचे आहे. पाण्याच्या नळ्यांसाठी तळाला ठेवलेल्या प्रत्येक छिद्राजवळ त्याच्या मापाची, मऊ लाकडाची निमुळती खुंटी हवी. आणि सुकाणूचे चाक निकामी झाल्यास पर्यायी दांडा हवा. याहून अधिक खोलात मात्र ही नियमावली शिरत नाही. पाने किती, पट्टे किती, गाळण्या किती, याचा निर्णय तिने कप्तानावर सोपवला आहे, आणि दोन नौका कधीच सारख्या नसतात हे ध्यानात घेता ते योग्यच झाले.

कप्तानांमध्ये या बाबतीत ढोबळमानाने दोन पंथ दिसतात. पहिला पंथ साधेपणाचा. लिन आणि लॅरी पार्डी या दांपत्याने सुमारे २४ फुटांची ‘सेराफिन’ आणि पुढे सुमारे २९ फुटांची ‘टॅलेसिन’ या लाकडी नौका स्वतः बांधल्या, दोहोंतही इंजिन बसवले नाही, आणि त्यांतून जगभर सफरी केल्या. जे यंत्र नौकेवर नाही ते बिघडत नाही, असा त्यांच्या आचरणाचा रोकडा अर्थ होता. दुसरा पंथ साधनसंपन्नतेचा. आजच्या चाळीसफुटी नौकेवर डिझेल इंजिन, स्वयंचलित सुकाणू, शीतकपाट, खाऱ्याचे गोडे पाणी करणारे यंत्र, नांगर ओढणारी विजेची मोटार आणि नाना प्रकारची इलेक्ट्रॉनिक उपकरणे असतात; आणि या पंथाचे म्हणणे असे की, सुखसोयी हव्यात तर त्यांची दुरुस्तीही आपणच करावी आणि त्यासाठी लागेल तो सरंजाम जवळ ठेवावा. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु प्रत्येक नवे यंत्र तीन प्रकारचा कर वसूल करते, सुट्या भागांचा, त्यासाठी लागणाऱ्या खास हत्याराचा आणि ते वापरण्याच्या ज्ञानाचा; हे तिन्ही हप्ते भरण्याची ज्याची तयारी नसेल त्याने ते यंत्र मुळात बसवूच नये, एवढे पहिल्या पंथाचे म्हणणे दुसऱ्यानेही मान्य करावे असे आहे.

इतिहासाचा कौल पाहू गेल्यास १९६८ साली सुरू झालेल्या, एकट्याने आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीकडे प्रथम लक्ष जाते. तीत उतरलेल्या नऊ जणांपैकी एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ती पुरी केली, आणि त्यांची ३२ फुटी ‘सुहैली’ ही नौका मुंबईत, सागवानात बांधलेली होती. अटलांटिकमध्ये तिच्या तळाच्या फळ्यांतील फटी उघडून पाणी आत येऊ लागले, तेव्हा त्यांनी भर समुद्रात पाण्याखाली बुड्या मारमारून त्या फटींत कापूस ठोकला, त्यावर कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या चुकांनी बसवली आणि वरून तांब्याचा पत्रा ठोकला. पुढे विजेच्या छोट्या चार्जिंग-इंजिनाच्या मॅग्नेटोची फट नेमकी करावयाची वेळ आली आणि फट मोजण्याची पाती जवळ नव्हती. पुस्तकाची २०० पाने म्हणजे एक इंच, म्हणजे एक पान इंचाचा दोनशेवा भाग, असा हिशेब करून त्यांनी तीन पानांच्या जाडीने ती फट जुळवली. त्याच शर्यतीत बर्नार मोआतेसिए यांच्या पोलादी ‘जोशुआ’ला आफ्रिकेच्या टोकाजवळ एका मालवाहू जहाजाची धडक बसून नाळेपुढचा बोस्प्रिट वाकला, तो त्यांनी कप्प्या आणि दोरांच्या साहाय्याने एकट्याने सरळ केला.

अलीकडचे उदाहरण आपल्या नौदलातून निवृत्त झालेल्या अभिलाष टॉमी यांचे. २०२२-२३ च्या ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने करावयाच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत वाऱ्यावर चालणाऱ्या स्वयंसुकाणूचे पाते पुन्हा पुन्हा मोडत गेले, तेव्हा त्यांनी नौकेवरील शौचकूपाचा दरवाजा कापून त्याचे पाते घडवले, आणि २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसऱ्या क्रमांकाने फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोहोचले. या सर्व प्रसंगांत तयार सुटा भाग कोणाजवळच नव्हता. जवळ होते ते करवत, गिरमिट, हातोडी, कप्पी, दोर आणि कच्चा माल. ज्याला आपण कल्पकता म्हणून गौरवतो, तिच्या मुळाशी बहुधा साधे हत्यार आणि साधी सामग्री यांची आगाऊ केलेली तरतूद असते, हा या उदाहरणांतला बोध दुर्लक्षिण्याजोगा नाही. यास्तव बेगमीच्या यादीत जसे नेमक्या मापाचे सुटे भाग हवेत, तसाच सागाच्या फळीचा तुकडा, सागरी प्लायवूड, ॲल्युमिनियमचा व पोलादाचा पत्रा, फायबरग्लासचे कापड, इपॉक्सी राळ आणि निरनिराळ्या लांबीचे गंजरोधक पोलादाचे बोल्ट असा अनिश्चित उपयोगाचा मालही हवा.

यादी करण्याची रीत म्हणून येथे एकच कसोटी सुचवावीशी वाटते. कोणत्या वस्तूच्या बिघाडाने नौका बुडेल, कशाने ती दिशाहीन होईल, कशाने तिची गती खुंटेल आणि कशाने केवळ गैरसोय होईल, अशा चार पायऱ्या कराव्यात आणि पैसा, जागा व वजन यांचे वाटप त्याच क्रमाने करावे. ज्या नौकेवर शीतकपाटाचा जादा कॉम्प्रेसर आहे आणि तळाच्या छिद्रांची खुंटी नाही, तिच्या मालकाने हा क्रम उलटा लावला आहे असे समजावे.

पहिली पायरी पाण्याची. पाण्याच्या पातळीखाली एक मीटर खोलीवर पाच सेंटिमीटर व्यासाचे छिद्र पडले, तर त्यातून मिनिटाला सुमारे ३०० लिटर पाणी आत येते, आणि इतके पाणी हातपंपाने उपसून टाकणे दमदार खलाशालाही शक्य नाही. म्हणून पाणी उपसण्याआधी ते अडवणे हेच पहिले कर्तव्य ठरते. लाकडी खुंटी त्या त्या वाल्वलाच सुतळीने बांधलेली असावी, कारण पेटीच्या तळाशी असलेली खुंटी अंधारात आणि घोटाभर पाण्यात सापडत नाही. पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सी लुकण, रबराचा जाड तक्ता आणि त्याला आधार देणारी फळी यांचाही समावेश येथेच होतो. रबरी नळ्यांवरील क्लिपांकडे तर फार बारकाईने पाहिले पाहिजे. बाजारात ‘स्टेनलेस’ म्हणून मिळणाऱ्या अनेक क्लिपांचा पट्टा खरोखरच गंजरोधक असतो, पण तो आवळणारा स्क्रू साध्या पोलादाचा असतो, आणि पट्टा चकचकीत दिसत असतानाच तो स्क्रू आतल्या आत गंजून तुटतो. खरेदीच्या वेळी खिशात लहानसा लोहचुंबक ठेवावा. ज्या स्क्रूला तो चटकन चिकटेल ती क्लिप दुकानदाराला परत करावी, आणि पाण्याखालच्या प्रत्येक जोडावर दोन-दोन क्लिपा बसवाव्यात.

दुसरी पायरी सुकाणूची. गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’तून सहा महिला नौदल अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेत परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, आणि नौकेला मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात न ठरवलेला मुक्काम करावा लागला; उत्तम बांधणीची नौका आणि तयारीचा चमू असूनही हा प्रसंग टळत नाही, हे यावरून दिसते. चाकापासून सुकाणूपर्यंत जाणारी पोलादी तार, तिच्या कप्प्या, साखळीचा दुवा आणि तार आवळणारे क्लँप यांचा एक संच जवळ असावा. पर्यायी दांडा तर असतोच, परंतु तो बसवण्यासाठी डेकवरील जे झाकण उघडावे लागते त्याची चावी कोठे आहे, आणि दांडा बसल्यावर तो चाकाच्या खांबाला न अडता पुरता फिरतो की नाही, हे किनाऱ्यावर असतानाच पाहून ठेवावे.

तिसरी पायरी डोलकाठी आणि शिडे यांची. तणावे तोडण्यासाठी मोठी कात्री घेण्याकडे सर्वांचा कल असतो, परंतु जाड पोलादी तारेवर साधी कात्री चालत नाही आणि हलत्या डेकवर तिला दोन्ही हातांचे बळ मिळत नाही. म्हणून हायड्रॉलिक कात्री परवडत नसेल त्याने हॅकसॉ, भरपूर नवी पाती, आणि तणाव्याच्या बुडाशी असलेली खीळ ठोकून काढण्यासाठी हातोडी व सुंबा एवढे तरी एकत्र बांधून ठेवावे. जादा तणावा म्हणून नौकेतील सर्वांत लांब तणाव्याहून थोडी अधिक तार आणि यंत्राच्या दाबाशिवाय नुसत्या पान्यांनी बसवता येतील अशी दोन टोके बाळगण्याची रीत आहे. अलीकडे त्याऐवजी डायनिमा या कृत्रिम धाग्याचा दोर घेतला जातो, कारण तो वजनाला हलका, ताणाला चिवट आणि हातानेच गुंफता येणारा असतो. शिडांच्या बाबतीत ध्यानात ठेवावयाचे ते एवढेच की, उन्हाने कापडाआधी शिवण कुजते. दाभण, तळहातावर चढवायची चामडी पट्टी, मेण लावलेला पॉलिएस्टरचा दोरा आणि चिकटपट्टीचे शिडाचे कापड यांनी बहुतेक दुरुस्त्या निभावतात, मात्र चिकटवण्यापूर्वी ती जागा गोड्या पाण्याने धुऊन कोरडी केली नाही तर मिठावर काहीही चिकटत नाही.

चौथ्या पायरीवर इंजिन आणि वीज येतात. शुद्ध शिडाचे अभिमानी त्यांना दुय्यम मानोत, परंतु बंदराच्या तोंडाशी वारा पडला आणि भरती खडकांकडे ओढू लागली की हीच पायरी एकाएकी पहिली होते. डिझेल इंजिनाचे बहुसंख्य विकार दोनच कारणांनी उद्भवतात, घाण इंधन आणि थांबलेले थंड पाणी. शांत बंदरात टाकीच्या तळाशी निवांत बसलेला गाळ पहिल्याच उसळत्या समुद्रात ढवळून निघतो आणि तासाभरात गाळणी तुंबते; म्हणून टाकीजवळची आणि इंजिनावरची अशा इंधनाच्या दोन्ही प्रकारच्या गाळण्या हात सैल ठेवून घ्याव्यात, आणि इंधनवाहिनीतील हवा काढण्याच्या स्क्रूखालच्या तांब्याच्या चकत्याही सोबत घ्याव्यात, कारण जुनी चकती पुन्हा बसवली की तेथूनच हवा शिरते. समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपातील रबरी पाकळ्यांचे चक्र, ज्याला सर्वजण इम्पेलर म्हणतात, ते पाण्याविना थोडा वेळ जरी फिरले तरी फाटते. हे चक्र बदलण्याचे काम पुस्तकात पाच ओळींत आटोपते. प्रत्यक्षात पंप इंजिनाच्या पोटाशी आडबाजूला असतो, झाकणाचे लहानसे स्क्रू पितळेचे असतात, त्यांतला एखादा बोटांतून निसटून तळाच्या बिल्जमध्ये जातो, आणि पितळ लोहचुंबकाला धरत नसल्याने तो शोधूनही हाती लागत नाही. तेव्हा इम्पेलरच्या पाकिटातच झाकणाचे दोन-चार स्क्रू, कागदी गॅस्केट, वंगण म्हणून थोडे ग्लिसरीन आणि नेमका पेचकस बांधून ठेवला, तरच त्याला सुटा भाग म्हणावे. जुन्या चक्राच्या पाकळ्या मोजून घ्याव्यात. एखादी कमी भरली तर तिचा तुकडा पुढे उष्णता-विनिमयकात अडकलेला असतो, आणि तो काढल्याशिवाय नवे चक्र बसवणे व्यर्थ आहे.

विजेच्या कामाला मल्टिमीटर, कल्हई केलेल्या तांब्याची तार, टोके दाबून बसवण्याची चांगली पक्कड, आतून चिकट असलेली आकसणारी नळी आणि सर्व मापांचे फ्यूज एवढा ऐवज पुरतो. खाऱ्या हवेत उघड्या तांब्याची तार काळी पडते आणि तिचा विरोध वाढतो, म्हणून घरगुती तार स्वस्त मिळाली तरी ती घेऊ नये.

हत्यारांविषयी एवढे सांगितले म्हणजे पुरे की, ती थोडी असली तरी चालतील, परंतु उंची असावीत. नौकेवरील सर्व बोल्ट-नटांची मापे एकदा घेऊन तेवढेच पाने, ॲलन-चाव्या आणि सॉकेट घ्यावेत. घट्ट धरणारी ग्रिप-पक्कड दोन आकारांत असावी. कानशी, छिन्नी, गंजरोधक पोलादाला भोक पाडू शकणारी कोबाल्टची गिरमिटे, आणि विजेवाचून चालणारे हाताचे गिरमिट हे कंजूषपणा न करता घ्यावेत. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत पोलादी स्क्रू बसवताना दोन धातूंमध्ये क्षरणरोधक लेप दिला नाही, तर दोन-तीन वर्षांत तो स्क्रू असा जखडतो की डोके तुटते पण स्क्रू निघत नाही. त्या लेपाची नळी शंभर हत्यारांच्या तोडीची आहे. हत्यारांनाही गंज चढतो, म्हणून ती तेलाच्या फडक्यात गुंडाळून, कॅनव्हासच्या कप्पेदार पट्ट्यात ठेवावीत आणि डेकवर वापरताना प्रत्येकास दोरी बांधावी.

खरेदीच्या बाबतीत आपल्याकडील नौकामालकास एक सोय आहे, जिचा पुरता लाभ घेतला जात नाही. इंजिनाच्या कारखान्याचा शिक्का असलेले पुष्कळसे भाग मुळात सर्वमान्य मापांचे असतात. बेअरिंगवर ६२०३ असा आकडा असेल तर त्याचे आतील माप १७, बाहेरील ४० आणि जाडी १२ मिलिमीटर असते, मग ते कोणत्याही देशाच्या यंत्रात बसलेले असो. असे बेअरिंग, तेलाचे सील आणि पट्टे मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर, आणि विजेचा माल लोहार चाळीत, परदेशी पाकिटातल्या किमतीच्या अल्पांशात मिळतो. दारूखान्यात तर मोडीत निघालेल्या जहाजांवरचा पितळी व काशाचा माल पारखून घेता येतो. याउलट इम्पेलर, इंजेक्टर, स्वयंसुकाणूचे भाग हे परदेशातून मागवून, जकातीचे सोपस्कार उरकून हाती येईपर्यंत मोसम संपतो, म्हणून त्यांची मागणी आधी नोंदवावी. प्रत्येक भागाचा आकडा, माप आणि ठिकाण लिहिलेली एक वही असावी. जिन्नस वापरला की त्याच दिवशी तिच्यात खर्ची टाकावा, अन्यथा रिकामी पाकिटेच शिल्लक म्हणून मोजली जातात.

या सर्व बेगमीची मर्यादाही स्पष्ट असावी. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात टॉमी यांची ‘थुरिया’ ही नौका उलटून तिची डोलकाठी गेली आणि त्यांच्या मणक्याला गंभीर दुखापत झाली. पेटीतील कोणतेही हत्यार तेव्हा कामाचे नव्हते, त्यांची सुटका केली ती बचावासाठी आलेल्या जहाजांनी. सुटे भाग हे संकेतप्रक्षेपक, जीवनतराफा आणि शाबूत शरीर यांना पर्याय होऊ शकत नाहीत. शिवाय वजनाचाही हिशेब आहे. लहान नौकेत शेकडो किलो लोखंड भरले तर ती पाण्यात अधिक बुडते आणि वाऱ्याला मंद प्रतिसाद देते, म्हणून जड माल खाली व मध्यभागी, आणि रोज लागणारी चार हत्यारे जिन्याशी, असा बंदोबस्त असावा.

साधेपणाचा पंथ बरा की साधनसंपन्नतेचा, या वादाचा निकाल पुढील निकषावरून लावता येतो. जी दुरुस्ती कप्तानाने नौकेवरीलच हत्यारांनी आणि नौकेवरीलच भागांनी, बंदरात का होईना, एकदा स्वतः केली आहे, तिच्यापुरतीच बेगमी खरी. बाकीचे सामान वजन आहे. पश्चिम किनाऱ्यावर जूनपासून पावसाळा ओसरेपर्यंत नौका एरवीही बांधूनच असतात. तेव्हा सर्व नौकामालकांना एवढीच विनंती आहे की, येत्या पावसाळ्यात किनाऱ्यावरून एकही हत्यार उसने न आणता इम्पेलर बदलून पाहावा, गाळणी बदलून हवा काढून पाहावी, पर्यायी दांड्याने नौका मुरिंगभोवती फिरवून पाहावी. आणि त्या कामांत जे जे अडले ते वहीत लिहून, नारळी पौर्णिमेपूर्वी विकत आणावे.